एक, तीन, चार, दोन

गाडी अजून गाडी नाही.
अनगोळच्या शेडमध्ये चौकोनी पाइपांचा सांगाडा,
गुडघ्याएवढा उंच, दोन माणसांपुरता.
शेजारचा पोरगा दारातून विचारतो,
"काका, पलंग करूलालाय काय?"
होय, म्हणतो मी. पळणारा.

इंजिन पद्मिनीचं.
खानापूर रोडच्या भंगारात उकिडवं बसलं होतं,
वर कोंबड्यांची शीट,
चौथ्या सिलिंडरात पावसाचं पाणी,
पाण्यात एक मेलेली गांधीलमाशी.
किलोवर घेतलं.
"चालतंय की," भंगारवाला म्हणाला,
"खरं कधी, ते विचारू नको."

पाच महिने ते आमच्या घरभर राहिलं.
व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीत,
पुश रॉड लग्नपत्रिकांत गुंडाळून,
रिंगा खुंटीला.
पिना घालायच्या म्हणून
पिस्टन बंबात तापवले एका रविवारी.
कुंदा न्हाऊन आली आणि नुसती
माझ्या नाकाखाली मनगट धरून उभी राहिली.

क्रँक घेऊन उद्यमबागेत गेलो, अडिवेप्पाकडे.
फोर्जिंगच्या हातोड्याशेजारी अठ्ठावीस वर्षं,
कान तिकडेच ठेवून आलेला माणूस.
तो कन्नडमध्ये ओरडतो, मी मराठीत हातवारे करतो.
दहा अंडर? मी दहा बोटं दाखवली.
त्याने जर्नलवरून अंगठ्याचं नख फिरवलं
आणि दहा बोटं दोनदा उघडली.
मग मायक्रोमीटर लावला, माझ्या समाधानासाठी.

सांगाड्याचे बोल्ट इंचाचे, फौंड्रीतून आलेले.
इंजिनाचे मिलिमीटरचे.
तेराचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर जवळजवळ बसतो.
त्या जवळजवळमध्ये
माझ्या उजव्या हाताची तीन बोटं सोलली गेली.

चेनपुली मागून आणली, गर्डरला टांगली.
इंजिन खाली येत होतं, साखळीच्या एकेका कडीनं,
कुंदा बॅटरी धरून,
मी पोटावर झोपून.
सम्प अडला.
दीड बोट. आडव्या पाइपावर.
पुन्हा वर घेतलं, पुन्हा सोडलं,
जसं काही मधल्या वेळात पाइप लाजून बाजूला होणार होता.
"इंजिन कापता येत नाही काय?"
नाही.
"मग तुझंच काप."
पूर्ण गाडीत माझं सगळ्यात देखणं वेल्डिंग तेवढंच होतं.
ग्राइंडर लावला.

पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा
कार्ब्युरेटरमधून भडका, शेडवरचे कावळे उडाले,
आणि पलंगवाला पोरगा टाळ्या वाजवायला लागला.
वायरी मी एक दोन तीन चार लावल्या होत्या,
रेशनच्या रांगेसारख्या.
एक, तीन, चार, दोन, बडबडत पुन्हा खोचल्या.
धरलं.
खोकलं, धूर टाकला, पुन्हा धरलं,
आणि मग पान्यांचा डबा फळीवर सरकायला लागला.

अडिवेप्पा संध्याकाळी सायकलवरून आला.
काही बोलला नाही.
हातभर लांब पेचकस मागितला,
टोक हेडवर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला लावली, डोळे मिटले.
"मूरु," म्हणाला. तीन बोटं.
माझ्या धडक्या कानाला तिथे काहीच नव्हतं.
इंजिन थांबवलं, झाकण काढलं, फिलर गेज घातलं:
तिसरा टॅपेट, दोन पाती ढिला.

बसवला. पुन्हा सुरू केलं.
त्याने पेचकस पुन्हा टेकवला.
आता तपासायचं काही उरलं नव्हतं.
दिवे लागले, कुंदानं चहा आणला, चहावर साय धरली,
पेट्रोलचा काटा मी बसवलाच नव्हता
म्हणून माझं सारखं टाकीकडे लक्ष.
मी चावीकडे हात नेला.

डोळे न उघडता त्याने तो मनगटाशी धरला.
"इरली," म्हणाला,
पहिल्यांदाच हळू आवाजात.